गारखेड्याच्या समुद्रातला चोर

१

चौथा मासा नाहीसा झाला त्या सकाळी फारूखभाईनं सरूबाईला तोंडावर चोर म्हटलं. मी तिथंच होतो. हातात पाना, पुढ्यात उघडलेलं आरओ फिल्टर, आणि कान अर्थातच दिवाणखान्यात.

आधी माझं सांगतो. मी कारभारी. नाव भारदस्त असलं तरी घरात माझा कारभार कुणी चालू देत नाही, म्हणून बाहेर करतो. गारखेड्यात गेली बावीस वर्षं मी मोटारी, फिल्टर आणि नळ दुरुस्त करतोय. आमच्या शहरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे माझ्या धंद्याला मरण नाही. लोकांच्या घरात माझं इतकं येणंजाणं असतं, की कुणाकडे काय चाललंय हे आपल्याला आधी कळतं असा माझा ठाम समज होता. त्या दिवशी तो समज चांगलाच मोडला.

फारूखभाईचं शहागंजात चष्म्याचं दुकान आहे. घर दुमजली. वर तो आणि शाळेत शिकवणारी त्याची बायको, खाली एका खोलीत भाडेकरू द्वारकाबाई. वरच्या दिवाणखान्यात सहा फूट लांबीची काचेची टाकी, आणि तिच्यात चक्क समुद्र. आरओचं पाणी घ्यायचं, त्यात परदेशी मीठ मोजून कालवायचं, तळाला पांढरी वाळू, मधे समुद्रातले खडक आणि त्यातून फिरणारे रंगीत मासे. जिथं माणसाला प्यायचं पाणी मोजून वापरावं लागतं, तिथं हा गडी समुद्र पाळून होता! मी त्याला वेडा म्हणायचो, आणि काम संपलं तरी अर्धा तास त्या काचेसमोर उभा राहायचो.

तर सोळा दिवसांत चार मासे गेले. मेले नाहीत, गेले. टाकीत एकही मेलेला मासा सापडला नाही. टाकीवर जाळीचं झाकण, त्याला चार चिमटे. मासा उडी मारून बाहेर पडणार नाही, मांजराचा पंजा आत जाणार नाही. फारूखभाई दहाला दुकानात जायचा, बायको एकनंतर शाळेतून यायची. मधल्या वेळात घरात एकटी कामवाली सरूबाई.

"चार मछलियां!" फारूखभाई ओरडत होता. "हवा में उड गये क्या? पाच वर्षं विश्वासानं घराची किल्ली दिली तुला!"

"मी तुमच्या माशाला हात बी लावला नाय, सायेब," सरूबाई म्हणाली.

"मग कोण आलं? जिन्न?"

ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. पन्नाशीची बाई, चार घरची धुणीभांडी करून दोन पोरी उजवलेली. तिनं फक्त पदर खोचला. फारूखभाईनं तिच्यादेखतच मोबाईल काढला आणि कॉलनीच्या ग्रुपवर लिहून टाकलं, की सरूबाईला कामावर ठेवणाऱ्यांनी सावध राहावं. तिची चारही घरं याच कॉलनीत होती.

खरं सांगतो, मलाही तिचाच संशय आला. गप्प राहणारा माणूस काहीतरी लपवतोय असं मला नेहमी वाटतं, कारण मला स्वतःला गप्प राहता येत नाही.

सरूबाई टाकीकडे बघून म्हणाली, "मासं मेलं आसतील तर हाडं वाळूत आसतील. आज घरी जायच्या आधी सगळी वाळू चाळून दाखविते. मंग बोला मला."

"चाळ, चाळ," म्हणून फारूखभाई चप्पल घालून दुकानाला निघून गेला.

मी माझं काम उरकायला टाकीच्या पंपाचा स्पंज काढून बादलीत पिळला. पाण्याबरोबर करंगळीच्या पेराएवढा एक पांढरट गोळा बाहेर पडला. बोटानं फोडला, तर आत नुसती हाडं आणि खवले होते.

२

मी तो गोळा सरूबाईला दाखवला नाही. दाखवायला हवा होता. पण असली मौल्यवान गोष्ट आपण आधी मेहरुन्निसाबाजींना दाखवावी, शाबासकी घ्यावी, अशी मला हाव सुटली.

बाजी दोन गल्ल्या पलीकडे राहतात. कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी चौतीस वर्षं सहायक म्हणून काढली. प्रोफेसर आले, बदलले, निवृत्त झाले. पण कपाटातला कुठला शंख कुठल्या किनाऱ्यावरचा हे विचारायला सगळे बाजींकडेच यायचे. पदवी नाही, पाटीवर नाव नाही. असं डोकं मी दुसरं पाहिलेलं नाही. मागं एका बंगल्यातली चांदीची वाटी चोरीला गेली, तेव्हा बाजींनी ती खारीच्या घरट्यातून काढून दिली होती, तीही खुर्चीवरून न उठता.

बाजी उन्हात लोणच्याच्या कैऱ्या पुसत बसल्या होत्या. मी बाटलीच्या झाकणातला ऐवज पुढे केला आणि सगळी हकिगत सांगितली. त्यांनी हात धुतले, कॉलेजनं मोडीत काढलेला जुना सूक्ष्मदर्शक उघडला आणि चिमट्यानं एकेक हाड बाजूला करायला लागल्या.

"कारभारी, जे मासे गेले ते कुठले?" त्यांनी नळीतून डोळा न काढता विचारलं.

"बारीक निळे दोन, आणि वाळूत बसणारे दोन. फारूखभाईची नारिंगी पट्ट्यांची जोडी शाबूत आहे. ती सगळ्यात महागाची."

"ती रात्री कुठं झोपते?"

हे मला कसं ठाऊक असणार? पण होतं. फारूखभाई स्वतःच्या बायकोपेक्षा त्या जोडीचं जास्त सांगायचा. "वरच्या कोपऱ्यात, पंपाजवळ. बाकीचे खाली, वाळूला टेकून."

"मग हा कसला चोर, बेटा? महागाचं सोडून स्वस्तातलं उचलतो आणि खाऊन हाडं तिथंच टाकतो?"

मी हसलो. बाजी हसल्या नाहीत. चिमट्याच्या टोकावर त्यांनी काहीतरी उचलून उजेडात धरलं. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी, काचेसारखी पारदर्शक सुई. मला भिंग दिलं. सुईच्या टोकाला मासेमारीच्या गळासारखा उलटा काटा होता आणि ती आतून पोकळ होती.

"हे माशाचं हाड नाही," बाजी म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "हा दात आहे. कारभारी, त्या पाण्यात आत्ता कुणी हात घालणार नाही ना?"

मी खिशातली स्कूटीची किल्ली चाचपली.

"सरूबाई," मी म्हणालो. "ती वाळू चाळणार आहे."

३

फारूखभाई फोन उचलेना. सरूबाईचा नंबर माझ्याकडे नव्हता. मी बाजींना स्कूटीवर मागं बसवलं. अडुसष्ट वर्षांची बाई, एका हातात काचेची बरणी, दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातला लांब चिमटा. गतिरोधकावर मी स्कूटी उडवली तरी बरणी त्यांनी सोडली नाही.

वर गेलो तर झाकण काढून भिंतीला टेकवलेलं, आणि सरूबाईचा उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात.

"सरू," बाजी दारातूनच म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. "मुठीत काय आहे?"

"वाळू हाय. का वो?"

"सोड ती. आता हात सरळ वर घे. कशालाही धरू नको, टेकू नको."

सरूबाईनं आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि हात वर काढला. कोरडा करून बाजींनी एकेक बोट तपासलं. टोचल्याची खूण नव्हती. तेव्हा कुठं त्या खुर्चीवर बसल्या.

तासाभरात फारूखभाई आला, सोबत त्याचा मेव्हणा इलियास. इलियासचंही पडेगावला माशांचं वेड, आणि फारूखभाईच्या माशांवर त्याचा डोळा असतो हे सगळ्यांना माहीत. संशयितांच्या यादीत मी त्याला दुसरं स्थान दिलं होतं, आणि त्याच्या नव्या माशांची खबर बाजींना वाटेतच दिली होती. बाजींनी त्याला थेट विचारलं, "तुझ्याकडे नवे निळे मासे आलेत म्हणे?"

"मागच्या इतवारी मुंबईहून आणले, बाजी. फोटो बघा." त्यानं मोबाईल पुढं केला.

फारूखभाईनं फोटो मोठा करून निरखला आणि मान हलवली. "माझ्या एकाची शेपटी फाटलेली होती. हे ते नाहीत."

"असते तरी काय?" बाजी म्हणाल्या. "त्यांची हाडं कारभारीनं स्पंजातून काढलीत. मासे या टाकीबाहेर गेलेच नाहीत, फारूख. चोर आतच आहे. पडदे ओढ, टाकीचा दिवा घालव, आणि मला कोळंबीचं पाणी दे."

भरदुपारी आम्ही दिवाणखान्यात रात्र केली. बाजींनी टॉर्चच्या तोंडाला लाल ओढणी गुंडाळली, कोळंबी चोळलेलं पाणी हळूच वाळूवर सोडलं आणि वाट बघायला सांगितलं. दहा मिनिटं काहीच झालं नाही. इलियास कंटाळून मोबाईल काढायला लागला, तर बाजींनी त्याच्या मनगटावर चापट मारली.

मग डाव्या खडकाच्या बुडाशी वाळू हलली. तिच्यातून एक बारीक नळी वर आली आणि इकडून तिकडे वळायला लागली.

"वास घेतोय," बाजी कुजबुजल्या.

नळीमागून वाळू उकलली आणि बोटभर लांबीचा शंख वर आला. निमुळता, गुळगुळीत, दुधी रंगावर काळसर तपकिरी ठिपक्यांची अशी नक्षी, की आमच्या हिमरू शाली विणणाऱ्यानंही थबकून बघावं. माझ्या तोंडून "वा!" निघून गेलं. इलियासनं तर हातच पुढं केला.

"हात लावलास तर तुझ्या बहिणीला रडावं लागेल," बाजी म्हणाल्या. "शंकूच्या आकाराची समुद्री गोगलगाय. चाल इतकी धिमी की झिंगासुद्धा हिच्यापुढं पळून जाईल. म्हणून अल्लानं हिला तो दात दिला. झोपलेल्या माशाजवळ जाते, सोंडेतून विषाची ती सुई मारते, मासा जागच्या जागी लुळा. अख्खा गिळते, आणि हाडं, खवले, वापरलेला दात सगळं एक गोळा करून थुंकते. काही जातींच्या विषानं माणूस मरतो. त्याच्यावर उतारा नाही. नुसता श्वास चालू ठेवायचा आणि विष ओसरायची वाट बघायची. हिची जात नेमकी कुठली ते मला इथं बसून सांगता येणार नाही. नाही सांगता येत तोवर जहाल समजायची. जाड हातमोज्यावरही भरवसा ठेवायचा नाही."

फारूखभाई मटकन खाली बसला. पाच वर्षं तो रोज त्या पाण्यात हात घालत आला होता.

बाजींनी बरणी पाण्यात बुडवून आडवी धरली आणि चिमट्यानं शंख मागच्या जाड बाजूनं अलगद ढकलत आत घेतला. झाकण लावलं, वरून चिकटपट्टी. हात जराही हलला नाही. काम झाल्यावर त्यांनी बरणी डोळ्यांसमोर धरली आणि कौतुकानं म्हणाल्या, "चौतीस वर्षं कपाटात हिचे रिकामे शंख पुसले. जिवंत आज पाहतेय. माशाअल्लाह, काय रूप आहे!"

४

सरूबाई सुटली असं मला वाटलं. फारूखभाई मात्र वेगळाच विचार करत होता.

"बाजी, ये आया कैसे?" त्यानं कपाटातून एक जाड वही काढली. "माझ्या टाकीत काहीही सरळ जात नाही. मासा असो, दगड असो, दोन महिने गॅलरीतल्या टबात वेगळं ठेवतो, रोज तपासतो, मगच आत. हे बघा, शेवटचा दगड सात महिन्यांपूर्वी. एवढी मोठी गोगलगाय मला टबात दिसली नसती?"

बाजींनी वही वाचली आणि मान डोलावली. "तू चोख माणूस आहेस. पहिला मासा कधी गेला?"

"दोन तारखेला, शुक्रवारी सकाळी समजलं."

"म्हणजे त्याच्या दोन-चार दिवस आधी कुणीतरी ही हातानं आत सोडली."

"तेच तर!" फारूखभाई पुन्हा पेटला. "कुणीतरी मुद्दाम! घरात एकटी कोण असते?"

सरूबाई भिंतीशी उभी होती. बाजी तिच्याकडे वळल्या. "सरू, त्या आठवड्यात पाणी कधी आलतं?"

"मंगळवारी. अकराला."

"तू काय करत होतीस?"

"सायबांनी सांगितल्यापरमानं पाणी भरलं. गच्चीवर टाकीपाशी उभी व्हते."

"आणि हे दार?"

"कुलूप घातलं व्हतं," सरूबाई चटकन म्हणाली. "किल्ली कंबरंला व्हती. कुणी बी आलं नाय."

बाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या काही विचारायच्या आधीच उत्तर मला ठाऊक होतं. पाण्याच्या दिवशी खालच्या मोटारीचा पाइप जिन्यानं वर येतो, या दारातून आत शिरतो, दिवाणखाना ओलांडून गॅलरीत जातो आणि तिथून गच्चीवर चढतो. बाहेरून नळी टाकू दे म्हणून मी फारूखभाईच्या तीन वर्षं मागं लागलोय. त्याला घराची शोभा जाईल असं वाटतं. पाइप आत असताना दार लागतच नाही. कुलूप तर दूरच.

"कारभारी," बाजी शांतपणे म्हणाल्या, "मंगळवारी हे दार बंद करता आलं असतं?"

मी सरूबाईकडे बघितलं. तिनं नजरेनंच मला नको म्हटलं. पण बाजींपुढं खोटं बोलायची माझी छाती नाही.

"नाही," मी म्हणालो. "सताड उघडं असतं."

"झूठ बोली!" फारूखभाई उठला. "देखा बाजी?"

"खोटं बोलली हे खरं," बाजी म्हणाल्या. "पण डोकं चालव. चोरीचा आळ तिच्यावर आलाय. दार उघडं होतं, कुणीही आलं असेल, एवढं म्हणाली असती की सुटली असती. स्वतःला सोडवणारी गोष्ट माणूस का लपवतो? स्वतःसाठी नाही लपवत, दुसऱ्या कुणासाठी लपवतो. इलियाससाठी ही खोटं बोलेल?"

इलियास घाईनं म्हणाला, "मेरेसे तो ये बात भी नहीं करती!"

"पाण्याच्या दिवशी फाटकाशी अख्खी गल्ली बादल्या घेऊन उभी असते. परका माणूस वर चढला तर दहाजण बघतील. न दिसता वर कोण येऊ शकतं? ज्याचं दार जिन्यातच उघडतं ते." बाजींनी बरणी उचलली. "चला, खाली द्वारकाबाईंकडे चहा पिऊ."

सरूबाई पुढं येऊन दारातच आडवी उभी राहिली.

"बाजी, हात जोडते," ती म्हणाली. "मीच टाकला त्यो शंख. ल्या लिहून. म्हातारीकडं जाऊ नका."

५

द्वारकाबाई पंचाहत्तरीच्या. पोटचं कुणी नाही. गेली अकरा वर्षं त्या एका खोलीत राहतात, भजनी मंडळात टाळ वाजवतात. गेल्या दिवाळीपासून फारूखभाई त्यांच्या मागं लागला होता. ती खोली त्याला माशांच्या दुसऱ्या टाकीसाठी हवी होती. भाडं वेळेवर येतं, भांडण नाही, तेव्हा घालवायचं कोणत्या तोंडानं, एवढीच त्याची अडचण होती.

आम्ही सगळे आत शिरलो, तर म्हातारी गडबडली. तिनं चटई अंथरली. बाजी बसल्या आणि देव्हाऱ्याकडे बघत राहिल्या. तिथं पाण्याची एक प्लास्टिकची बाटली होती, अर्धी भरलेली. तळाशी बोटभर काळपट वाळू.

"हे तीर्थ कुठलं, द्वारकाबाई?"

"समुद्राचं हाय, बाई. आमचं मंडळ गेलतं ना कोकणात, गणपतीच्या दर्शनाला. जलमात पहिल्यांदा समुद्र बघितला. लई मोठा!" म्हातारीचा चेहरा उजळला. मग तिची नजर बरणीवर पडली, आणि तिनं दोन्ही हात जोडले. "आगं बया! ह्यो हितं कसा? वर नीट नाय का त्यो? आजारी पडला का?"

बाजींनी तिचा हात हातात घेतला. "कसा सापडला, ते सांगा."

"ओल्या वाळूत पडला व्हता. येवढा देखणा, म्हनलं देवापुढं ठिवू. पदरात बांधून आणला. घरी आल्यावर वाटीत ठिवला, वर समुद्राचंच पाणी घातलं. सकाळी पूजेला बसते, तर शंख वाटीच्या कडंला चालत चाललेला! जीव हाय म्हनल्यावर देवापुढं कोंडून मारू व्हय? पण समुद्र कुठं आपल्याकडं? कोकण पार तिकडं. मला पुन्यांदा कोण नेणार? मंग ध्यानात आलं, समुद्र तर वरच्या मजल्यावर हाय. त्या दिशी पाणी आलतं, दार उघडं व्हतं. जाळी उचलली, वाटी अलगद उपडी केली, आन् नमस्कार करून खाली आले. फारूखला सांगणार व्हते, पण त्यो माशाला बाहेरचं काई लावू देत नाय. रागावंल म्हणून भ्याले."

"पदरात बांधून," बाजी पुटपुटल्या. "कोकणातून इथपर्यंत." त्यांनी डोळे मिटून घेतले. मग बरणीतल्या जिवाची सगळी करणी त्यांनी म्हातारीला समजावून सांगितली, चार माशांची आणि सरूबाईचीही.

द्वारकाबाई ऐकता ऐकता पांढऱ्या पडल्या. विषाचं त्यांनी बहुधा धड ऐकलंच नाही. त्या सरूबाईकडे वळल्या.

"तू मला वरून उतरताना बघितलं व्हतं. जिन्यात बोललीस की माज्याशी. मंग त्यानं तुला चोर म्हनलं तवा गप का ऱ्हायलीस गं?"

म्हातारीनं दंड धरून हलवलं, तेव्हा सरूबाई बोलली.

"तुमच्या हातात रिकामी वाटी व्हती. मला वाटलं, तीर्थबिर्थ वतलं आसंल, त्येनंच मासं गेलं. आन् सायबाला तुमाला काढायला निमित्तच पायजे व्हतं. तुमाला ऱ्हायला ही एकच खोली हाय, आज्जी. मला कामाची चार घरं हायत. एक गेलं तर तीन ऱ्हातेत, आसा हिशेब केला."

मी आयुष्यात पुष्कळ शहाणी माणसं पाहिलीत. बाजींच्या बुद्धीपुढं तर मी रोजच मान झुकवतो. पण त्या क्षणी बाजीसुद्धा सरूबाईकडे मान वर करून बघत होत्या.

फारूखभाई दारात उभा होता. घसा खाकरून त्यानं विचारलं, "अब कितने घर हैं?"

"एक," सरूबाई म्हणाली. "तुमचा मेसेज गेल्यावर दुपारपतुर दोघींचं फोन आलं, उद्यापासून येऊ नको म्हून. तुमचं तर सकाळीच गेलं."

फारूखभाईनं तिथंच मोबाईल काढून ग्रुपवर माफी लिहिली. बाजींनी ती वाचली आणि मोबाईल परत दिला. "चोर म्हणालास ते तोंडानं. माफी बोटानं मागतोस?"

त्यानं मान खाली घातली आणि चपला घातल्या. शंखाची बरणी बाजींनी आपल्या घरी नेली. रत्नागिरीला संशोधन करणारा त्यांचा एक जुना विद्यार्थी तिसऱ्या दिवशी येऊन ती घेऊन गेला. त्या दिवशी इलियास बाजींना घरी सोडायला गेला. मी मात्र फारूखभाई आणि सरूबाईच्या मागं चालू लागलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण मीही मनातल्या मनात तिला चोर म्हटलं होतं, तेव्हा मीही तिचं काहीतरी देणं लागत होतो.

वाटेत फारूखभाई एवढंच म्हणाला, "माझ्याकडेही उद्यापासून ये. येशील तर." सरूबाई हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

पहिलं घर वकिलीणबाईंचं. फारूखभाईनं दारातच, शेजारपाजारी ऐकतील अशा आवाजात सगळं सांगितलं. सरूबाईनं काही चोरलं नाही, मासे गोगलगायीनं खाल्ले, चूक माझी. एक शब्दही त्यानं गिळला नाही.

वकिलीणबाई हुशार. त्यांनी लगेच विचारलं, "अहो, पण एवढी विषारी गोगलगाय तुमच्या टाकीत आणून टाकली कुणी?"

म्हातारीचं नाव आता कॉलनीभर होणार, आणि खोली रिकामी करून घ्यायला त्याला याहून चांगलं निमित्त पुन्हा मिळणार नाही, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. सरूबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं.

फारूखभाईनं क्षणभर जमिनीकडे पाहिलं.

"मीच," तो म्हणाला. "माझ्याच हातून गेली. बघायचं राहून गेलं."

पाच वर्षं वही लिहून एक खडासुद्धा तपासल्याशिवाय पाण्यात न सोडणारा माणूस हे म्हणत होता. सरूबाईनं सकाळपासून पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि पदर सोडला.

"चला सायेब," ती म्हणाली. "आजून एक घर ऱ्हायलंय. मंग तुमची भांडी घासायची हायत."